पहिल्या सोनोग्राफीआधी एक रक्ततपासणी हवी

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते. माझा भाचा सहा वर्षांचा आहे, त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सिस्टर नस शोधायला लागल्या की तो आपणहून डावा हात पुढे करतो. "मागच्या वेळी उजवा झाला," म्हणतो.

बहिणीला दिवस गेले तेव्हा हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत, हेही त्याच रिपोर्टवर छापलेलं होतं. ते कुणीच वाचलं नाही. ती आणि मेहुणे दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराच्या जनुकाचे वाहक आहेत हे कळलं ते बाळ आठ महिन्यांचं होऊन पांढरंफटक पडल्यावर. मायनर माणसाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून शंकाही येत नाही. सिंधी समाजात प्रमाण जास्त असल्याने उल्हासनगरला हा शब्द घरोघरी ठाऊक आहे. आम्ही मूळचे मुरबाडचे. "हे आपल्यात नसतं," असं आमच्या घरात अजूनही म्हणतात.

साहेब, माणसाच्या डीएनएतली सुमारे ३०० कोटी अक्षरं वाचायचं काम १९९० ते २००३ असं तेरा वर्षं चाललं. राहिलेले कोपरे २०२२ मध्ये वाचून झाले. आपल्या 'जीनोम इंडिया' या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचा जनुकीय नकाशा तयार केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांना खुला झाला. इथे खाडीपलीकडे, खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या जनुकांवर संशोधन चालतं. भाच्याच्या आजाराचं मूळ अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. भारतात सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे तिथलं एक अक्षर बदलणं, 'जी'च्या जागी 'सी'. तीनशे कोटींतलं एक! विज्ञानाला ते सापडलंय. बाळंतपणाच्या ओपीडीत ते पोचलेलं नाही.

आणि इथे वेळेला फार महत्त्व आहे. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाला आजार आहे का ते सांगता येतं. पण आईबापांतला दोष नेमका कोणता, ते आधी माहीत असावं लागतं. म्हणजे नाव नोंदवायला बाई येते त्याच दिवशी तिची एचबीएटू, म्हणजे थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ततपासणी झाली पाहिजे. ती मायनर निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची. दोघंही मायनर असतील तर जनुक तपासणी लगेच, सरकारी खर्चाने. ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाला, मग ते सरकारी असो, पालिकेचं की खासगी, हे बंधनकारक करा.

सोबत समुपदेशकही द्या. दोघं मायनर असले की प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याचा २५ टक्के धोका नव्याने असतो. "एक झालं, आता पुढची तीन सुटली," असं बहिणीला जवळच्याच माणसांनी सांगितलं होतं.

तिला दुसरं मूल हवंय. या वेळी तपासण्या कुठे, कोणत्या आठवड्यात करायच्या याची वही आम्ही घरीच घातली आहे. जिल्ह्यातल्या इतर बायकांसाठी ती वही आपल्या खात्याने घालावी, एवढंच मागणं आहे.

आपली,
कोपरीची एक रहिवासी