‘सिग्निफिकंट’ म्हणजे मोठा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यविषयक संशोधनाच्या बातम्यांत ‘लक्षणीय घट’, ‘लक्षणीय सुधारणा’ असे शब्द वारंवार येतात. मूळ शोधनिबंधात तिथे बहुधा ‘सिग्निफिकंट’ हे विशेषण असते. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ महत्त्वाचा, बराच मोठा असा होतो, म्हणून भाषांतर खटकत नाही. संख्याशास्त्रात मात्र हा शब्द फरकाचा आकार सांगत नाही. मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेहून कमी आहे, एवढेच तो सांगतो. ही मर्यादा बहुतेकदा ०.०५ धरतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकापासून ती रूढ झाली, आणि ती निव्वळ सोयीची आहे.

रक्तदाबाचे उदाहरण घ्या. माणसामाणसांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, १५ मिमी (पाऱ्याच्या स्तंभाचे) धरू. प्रत्येकी १०,००० जणांचे दोन गट केले आणि औषधाने सरासरी १ मिमीने दाब उतरला, तर तो फरक ठामपणे ‘सिग्निफिकंट’ ठरतो. रुग्णाला त्याचा उपयोग जवळपास शून्य. उलट प्रत्येकी २० जणांच्या गटांत ८ मिमी फरक पडला, तरी तो ‘सिग्निफिकंट’ ठरत नाही, कारण खरा फरक साधारण उणे दीड ते साडेसतरा मिमीमध्ये कुठेही, म्हणजे शून्यही, असू शकतो. अशा वेळी ‘औषध निरुपयोगी’ असा मथळा देणे ही तर पहिल्याहून मोठी चूक! निष्कर्ष इतकाच की माणसे कमी पडली.

आणखी एक गैरसमज : ०.०५ म्हणजे निष्कर्ष खरा असण्याची शक्यता ९५ टक्के. तसे नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये निवेदन काढून हे स्पष्ट केले होते. शिवाय एकाच अभ्यासात एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासल्या, तर एकातही तथ्य नसताना किमान एक ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. बातमी नेमकी त्या एकीची होते.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती लेखकांना ‘नॉर्मल’, ‘रँडम’ यांच्याबरोबर हाही शब्द सैल अर्थाने वापरू नका असे सांगते. मग मराठीत तो सैलपणा आपण का आणावा? तांत्रिक अर्थ असेल तिथे ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या सार्थ’ म्हणावे (जड वाटतो, मान्य) आणि ‘लक्षणीय’ हा शब्द डोळ्यांत भरण्याजोग्या फरकासाठी राखावा. ‘क्लिनिकली सिग्निफिकंट’ असे लिहिलेले असेल, तर तिथे रुग्णाला जाणवणारा फायदा अभिप्रेत असतो. तो अर्थ वेगळा.

उपसंपादकांनी आधी फरक किती आणि कोणत्या एककात ते पाहावे, मग त्याची ९५ टक्क्यांची विश्वासकक्षा (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा, वरच्या उणे दीड ते साडेसतरासारखी), मग गटांतली माणसे. ०.०५ चा आकडा सगळ्यात शेवटी. प्रसिद्धिपत्रकात नुसतेच विशेषण असेल, तर मूळ निबंधाचा सारांश उघडावा. तो सहसा विनामूल्य वाचता येतो आणि फरकाचा आकडा बहुधा तिथेच दिलेला असतो.

आपला,
संख्याशास्त्राचा एक अध्यापक