बटवा पाठवा, चपला नकोत

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, तुझ्या भरतकामाच्या ग्रुपवरच्या जपानी मैत्रिणीला भेट म्हणून चपला नकोत. माप चुकलं की संपलं, आणि नवं कातडं आधी चावतं हे तिला कोण सांगणार? कांदा-लसूण मसाला तर नकोच, तेल सुटून पार्सल माखतं. खणाचे बटवे पाठव. तीन किंवा पाच. चार नकोत, त्यांच्याकडे 'चार' आणि 'मृत्यू' दोन्हींचा उच्चार 'शि'. फार महागही नको. तिकडे साधारण निम्म्या किमतीची परतभेट देतात, म्हणजे भुर्दंड तिलाच. आपण शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाही, त्यातलंच. बाबा, तुमच्या चिनी मित्राला घड्याळ देऊ नका. चिनीत 'घड्याळ देणं' हे 'शेवटचा निरोप देणं'सारखं ऐकू येतं.

पोस्टातल्या कस्टमच्या फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहू नका. 'कापडी बटवे, 3 नग', वजन, किंमत असं लिहा. आधारची झेरॉक्स न्या, खोकं घरून चिकटवून नेऊ नका.

आता तिकडून येणाऱ्या पार्सलचं. त्यातली फसवणूक अशी होते. चार आठवड्यांची ओळख, मग 'तुमच्यासाठी आयफोन आणि पाउंड पाठवलेत', पावतीचा फोटो, आणि दोन दिवसांत 'दिल्ली कस्टम'मधून बाईचा फोन: पस्तीस हजार भरा. भरले की 'स्कॅनमध्ये परकीय चलन दिसलं', आता लाख भरा, नाहीतर अटक. पहिले वाचवायला माणूस दुसरे भरतो, सगळा खेळ त्यावरच.

हे पटतं, कारण ड्यूटी खरोखरच असते. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून आलेल्या पार्सललाही ती भरावी लागते. सूट फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांना. पण ती पोस्टमन किंवा कुरिअरवाला पावती देऊन घेतो. कुणाच्या खात्यावर किंवा फोन-पेवर कस्टम कधीच मागत नाही. कस्टमच्या पत्रावर सहसा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो, तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या साइटवर तपासता येतो. पोस्टाचा ट्रॅकिंग नंबर तेरा खणांचा: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, जपानचं असेल तर जेपी. तो इंडिया पोस्टच्या साइटवर स्वतः टाका, पाठवलेल्या लिंकवरून नाही.

पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँकेला, मग मला. मी काय म्हणेन याचा विचार करत बसू नका. तेवढ्या वेळात पैसे तीन खात्यांतून पुढे जातात.

बटवे महाद्वार रोडला बघा. जरीचा काठ नको, घासून सुटतो.

तुमची,
धाकटी