पंचवटीतल्या काकांना, वस्तऱ्याला धार लावायच्या पिवळ्या पथरीसाठी

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर वाचत बसत नाही हे माहितीये, नात वाचून दाखवेल. तुमच्यासमोर बसलं की मला नीट बोलता येत नाही म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते चार लोकांना कळायला पाहिजे.

चुलत्यांच्या दहाव्याला रामकुंडावर तुम्ही माझं मुंडन करत होता तेव्हा सहज विषय निघाला होता. जुना वाडा उतरवायला काढलाय, माळ्यावर आजोबांची धोकटी, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांची पिशवी, सापडली, त्यात दोन वस्तरे, वाळून कडक झालेला चामड्याचा पट्टा आणि एक काळाकुट्ट तेलकट दगड, मध्ये खोल गेलेला. मी म्हटलं एका मार्बलवाल्याला विचारलंय, तो मशीनवर दोन मिनिटांत सपाट करून देतो म्हणालाय. तुमचा हात थांबला. "मशीनला लावू नको. आधी मला आणून दाखव." बस, एवढंच. मी दुसऱ्या दिवशी खरंच मार्बलवाल्याकडे जाणार होतो काका. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तुम्ही दगड हातात घेऊन आधी पृष्ठभाग बघितलाच नाही, बाजू बघितली. अंगठा ओला करून कडेवरचा मळ नखाने खरवडला तर खाली निळसर जांभळी पाटी आणि वर पिवळा थर. "पिवळी पथरी आहे. माल वरचा तेवढाच, पाव इंच असेल नसेल. मशीनने तोच गेला असता." मी नंतर वाचून काढलं तर हा दगड बेल्जियमचा, आर्देनच्या डोंगरात व्हिएलसाल्म गावाच्या आसपास निघतो. त्यात गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामड्याचे दाणे असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपासचे, टोकदार नाही तर पैलू असलेले, म्हणून पोलाद कापलं जातं पण ओरखडा खोल पडत नाही. आजोबा देवळाली कॅम्पात पलटणीतल्या लोकांच्या दाढ्या करायचे, तिथल्याच कुठल्या साहेबाकडून तो मिळाला असं घरात सांगतात.

मग तुम्ही विचारलंत, छोटा तुकडा कुठाय? मला कळेना कसला तुकडा. "धोकटी झटक, ह्याच रंगाचा बोटभर तुकडा असणार." घरी येऊन बघितलं तर खरंच, तळाशी फडक्यात गुंडाळलेला. मी तो फुटका दगड समजून बाजूला टाकला होता, अजून एक दिवस गेला असता तर राडारोड्यात गेला असता.

साफ करायला जे सांगितलंत ते सगळं तसंच केलं. उकळायचं नाही, कारण पिवळा थर पाटीला चिकटवलेला असेल तर सुटेल. रॉकेल लावून जुन्या टूथब्रशने घासायचं, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर. पहिल्या सकाळी पाणी चहासारखं, तिसऱ्या सकाळी पण पिवळट, पाचव्या दिवशी कुठे स्वच्छ निघालं. किती वर्षांचं तेल आणि साबण प्यायला होता तो.

मग जाड काच, त्यावर दोनशेवीस नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा पॉलिश पेपर, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या उभ्या रेघा, आणि पाणी सोडत घासायचं, सुकं अजिबात नाही कारण ती धूळ छातीत जाते. रेघा कडेच्या पुसल्या जायच्या आणि खळग्यातल्या तशाच राहायच्या, परत रेघा मारायच्या, परत घासायचं. दोन रविवार तेच. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, सपाट म्हणजे काय हे मला वाटायचं मला कळतं, पण मी नुसतं सपाटीकडे बघत होतो आणि तुम्ही किती माल शिल्लक राहिला ते बघत होता. डाव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा खळगा राहिला होता, तो घालवायला मी परत पेपर घेतला तर तुम्ही मनगटच धरलंत. "वस्तरा तिथे जातच नाही. तेवढ्यासाठी सगळ्या दगडाचा मिलिमीटर कशाला घालवतो? राहू दे, म्हाताऱ्याचा हात आहे तो."

काका, मी तेव्हा काही बोललो नाही. आजोबा गेले तेव्हा मी दुसरीत होतो, त्यांचा हात मला आठवत नाही. आता तिथे अंगठा बरोबर बसतो.

पुढे चारशे, मग हजारचा पेपर, दगडाच्या कडा गोल मारून घेतल्या आणि मग वस्तऱ्याला धार. ह्यातलं अर्धं मला अजून जमत नाही पण तुम्ही दाखवलेलं डोळ्यासमोर आहे. छोट्या तुकड्याने पाण्यात घासून दुधासारखा लगदा काढायचा, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, धार पुढे, तिरकं ओढत न्यायचं, वळवायचं ते पाठीवर, धारेवर कधीच नाही. जोर नाही, वस्तऱ्याचं वजन पुरे. मग थेंब थेंब पाणी टाकत लगदा पातळ करत जायचं, शेवटी नुसत्या पाण्यावर. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता आणि मधेच म्हणायचा "आता दाब पडला", आणि खरंच पडलेला असायचा! लगदा होता तेव्हा खरखर होती, पाण्यावर आल्यावर आवाज जवळजवळ गेला आणि पातं दगडाला चिकटून चालायला लागलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा मान हलवलीत.

तुम्ही सांगितलंत की १९९१ च्या सिंहस्थात तुमच्याकडे रोज पथरी निघायची आणि २००३ ला सगळ्या घाटावर अर्ध्या ब्लेडचे वस्तरे. एड्सच्या भीतीने ते झालं आणि बरोबरच झालं, एकाचं पातं दुसऱ्याला नकोच, हेही तुम्हीच म्हणालात. म्हणून हा वस्तरा फक्त माझ्यासाठी ठेवलाय. पण इतकी वर्षं दगडाला हात न लावता सगळं तुमच्या हातात तसंच होतं आणि ते तुम्ही एका अनोळखी पोराला चार रविवार बसून दिलंत, पैसे घेतले नाहीत, नव्या पट्ट्यासाठी चामडं कुठे मिळेल तेही स्वतः चालत येऊन दाखवलंत, गुडघा दुखत असताना.

मागच्या रविवारी पहिली दाढी केली. हनुवटीखाली थोडं ओढलं, पण गालावर वस्तरा लागतोय हे कळलंच नाही. आई दारात उभी राहून बघत होती, म्हणाली सासरे अस्सेच मान वाकडी करायचे.

खूप खूप आभार काका. बुधवारी बाजाराला येतोय तेव्हा दुसरा वस्तरा घेऊन येतो, त्याच्या टोकाला बारीक खाच पडलीये, ती दगडावर निघेल का ते तुम्हीच बघा. आणि आईने तुमच्यासाठी मेथीचे लाडू दिलेत, ह्या वेळी नाही म्हणायचं नाही.