तुझ्या तुळईचा पाळणा

नौपाडा, ठाणे
२४ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी "करवत चालू आहे, नंतर करतो" म्हणून ठेवून दिला. खरं सांगतो, त्यातल्या एकाच वेळी करवत चालू होती. फोनवर तू फक्त "झाला का?" एवढंच विचारतोस आणि "नाही" म्हटलं की पुढचं ऐकत नाहीस. म्हणून आता पत्रच लिहितो, म्हणजे मधे तोंड घालता येणार नाही.

पाळणा दिवाळीला देतो म्हणालो होतो, ते चुकलं. पण माझी आई म्हणायची, मूल यायच्या आधी रिकामा पाळणा घरात आणू नये. तेव्हा उशिराचं खापर तिच्या नावावर फोडतो. बारशाला मात्र नक्की.

चरईतल्या तुझ्या पणजोबांच्या घरातून तुझी सागाची तुळई टेंपोने आली तो दिवस आठवतो ना? अकरा फूट लांब, सात बाय पाच इंच. हिशेब केला तर पावणेतीन घनफुटांच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोचा ऐवज. आमच्या मागच्या अंगणात ती आडवी पडली आणि सोसायटीत कुजबुज सुरू झाली की यांनी रेल्वेचा रूळ आणलाय. वखारवाल्याने पाहिलं आणि हात जोडले. जुन्या लाकडात एक खिळा लागला तरी पट्ट्याच्या करवतीचे दात जातात. "खिळे काढून आणा, मग बघू," म्हणाला.

दोन रविवार खिळ्यांत गेले. बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक काढून ते इंच-इंच फिरवत बसलो. एकूण ४३ निघाले. त्यातले काही लोहाराने ठोकलेले, चौकोनी, डोक्याला हातोड्याचे घाव दिसणारे. ते डबीत ठेवलेत, तुला देईन. तरी एक आत मोडून राहिला होताच. तो सापडला माझ्या रंध्याच्या पात्याला, आणि पात्याचा कोपरा उडाला. त्या वेळी तुझ्या पणजोबांबद्दल मी काय बोललो ते लिहीत नाही.

पण बंड्या, वरचा काजळीचा थर रंध्याच्या पहिल्या हातात निघाला आणि खाली जे दिसलं ना! मधासारखा रंग आणि वास जुन्या चामड्याचा. टोकाच्या कापावर मी भिंग लावून कड्या मोजल्या. एका इंचात चौदा. म्हणजे इंचभर जाड व्हायला त्या झाडाने चौदा पावसाळे घेतले. हल्ली लागवडीचा साग मिळतो, त्याची एकेक कडी बोटाएवढी असते आणि निम्मी फळी पांढरी, म्हणजे सालीलगतचं कच्चं लाकूड. त्या पांढऱ्यात घुण आधी शिरतो. तुझ्या तुळईत पांढरं औषधालासुद्धा नाही, तेव्हाच्या सुतारांनी ते सगळं तासून टाकलेलं. फक्त अशा सागाला धार टिकत नाही. त्यात रेतीसारखा अंश असतो, वीस मिनिटांत पटाशी बोथट. अर्धा वेळ मी सुतार होतो, अर्धा वेळ धार लावणारा.

आता उशिराचं खरं कारण. फळ्या ऑगस्टच्या शेवटी चिरून आल्या. लगेच जोडायला घेतल्या असत्या तर तुला दिवाळीला पाळणा मिळाला असता आणि फेब्रुवारीत फुटला असता. हे मी अनुभवाने बोलतोय. मागच्या वर्षी बहिणीकडच्या गणपतीसाठी चौरंग केला होता. सुंदर झाला होता, चार जणांनी फोटो काढले. वरची फळी फूटभर रुंद. ती वाकू नये म्हणून खाली आडव्या पट्ट्या सरसाने चिकटवून वर स्क्रूही मारले. जानेवारीत रात्री आवाज झाला म्हणे, फटाका फुटल्यासारखा. सकाळी पाहिलं तर फळी मधोमध चिरलेली. ठाण्याच्या पावसात लाकूड पाणी पिऊन फुगतं, थंडीत आकसतं. लांबीला जवळजवळ काही नाही, पण रुंदीला एका फुटात दोन-तीन मिलिमीटर सहज. मी त्याला दोन्ही बाजूंनी जखडून टाकलं होतं, मग ते बिचारं जाणार कुठे? बहिणीने तो चौरंग अजून ठेवलाय आणि मी गेलो की मुद्दाम त्यावर चहा ठेवते.

म्हणून तुझ्या फळ्या मधे पट्ट्या घालून घरात पलंगाखाली थप्पी लावल्या आणि नवरात्र संपेपर्यंत हात लावला नाही. आमची ही महिनाभर झाडूवरून बोलत होती. त्यातली एक फळी वाकलीच. चिरल्यावर आतला ताण मोकळा झाला. ती बाजूला टाकली. बाकीच्या सरळ राहिल्या. पाळण्याच्या तळाची फळी आता खाचेत नुसती सरकवून बसवलीय, सरस नाही. वहिनी म्हणतील ढिली आहे. त्यांना सांग, पावसाळ्यात या आणि मग हलवून दाखवा. चारही कोपरे खाच-कुसवाचे, आणि सांध्यात वाळलेल्या बांबूच्या मेखा. आपल्याकडून एकही खिळा नाही, तुझ्या पणजोबांनी पुरेसे मारलेत.

बाजूच्या दांड्या लेथवर कातल्या, चोवीस. दोन दांड्यांत दोन इंचांहून कमी अंतर ठेवलंय, बाळाचं डोकं अडकायला नको. पॉलिश अजिबात लावणार नाही, तू कितीही म्हणालास तरी. दात यायला लागले की पोर कठडा चावणार. नुसतं जवसाचं कच्चं तेल, पातळ, तीन हात. बाजारचं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, एका दिवसात सुकतं, पण लवकर सुकावं म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं. कच्च्या तेलाच्या एका हाताला आठवडा-दहा दिवस लागतात. दुसरा हात आज दिला. शेवटी मधमेण. (आणि तू घरी कधी असलं तेल वापरलंस तर चिंध्या चुरगळून बादलीत टाकू नकोस. गेल्या वर्षी एका स्टुलाला बेलतेल लावून मी टाकल्या, तासाभराने हात लावला तर इस्त्रीसारख्या गरम. तेल सुकताना तापतं आणि गोळा करून ठेवलं की पेटूही शकतं. तेव्हापासून चिंध्या दोरीवर पसरून वाळवतो, शेजारच्यांना वाटतं आमचे पंचे इतके फाटके.)

भोकं बुजवायचं म्हणालास, त्यावर आपलं भांडण होणार. आतल्या बाजूची सगळी बुजवलीत, बोट अडकू नये म्हणून. बाहेरच्या डोक्याकडच्या फळीवर चार ठेवलीत. लोखंडाने त्यांच्याभोवती काळी वर्तुळं उमटलीत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. ती मी काढणार नाही. शोरूमसारखं गुळगुळीत हवं असेल तर शोरूममधून आण.

आणि एक गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. तुळईच्या वरच्या कडेला, मधल्या भागात, एक आडवी खोबण आहे. करवतीची नाही, पटाशीचीही नाही. बोट फिरवलं तर आरशासारखी गुळगुळीत लागते, अंगठ्याएवढी रुंद. पहिल्यांदा मला कळेना. मग लक्षात आलं, ही तुळई माजघरावरची. तिथे दोर टाकून साडीची झोळी बांधत असणार. दोर एकाच जागी वर्षानुवर्षं घासला की साग असा झिजतो. तुझ्या थोरल्या आत्याला विचार, त्यांना आठवत असेल कोण कोण त्या झोळीत झोपलं. तेवढा तुकडा कापताना मी वाचवला आणि पाळण्याच्या डोक्याच्या बाजूला, वरच्या काठावर बसवलाय. खोबण वर राहील अशी.

उरलेल्या लाकडाचं पोळपाट कर म्हणून वहिनींचा निरोप आला होता. सागाचं मी करत नाही, त्याच्या तेलाचा वास कणकेला लागेल असं मला वाटतं. शिसवीचं करून देतो. सागाचे दोन पाट होतील, ते घ्या.

आता एकच काम तुझ्याकडे. टांगायचा की खाली घोडीवर ठेवायचा ते ठरव. टांगणार असशील तर नाशिकच्या घरी स्लॅबला हुक आहे का बघ आणि जमिनीपासून त्याची उंची कळव. मोजताना पोलादी टेप घे. वहिनींच्या शिवणाच्या टेपने मोजू नकोस. मागचा देव्हारा त्याच टेपच्या भरवशावर केला आणि कोनाड्याबाहेर पाऊण इंच राहिला, विसरला नसशील.

तुझा,
दिन्या