खेकड्याचे शंख बाटलीत भरू नका

महोदय,

पावसाळा सरला की पुण्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या अभ्याससहली कोकणात निघतात. नोकरीत असताना मीही मुलांना घेऊन रत्नागिरी-मालवणला जात असे. त्या नात्याने विभागप्रमुखांना कळकळीची विनंती आहे : हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, आत असलेले शंख फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) घालून आणणं थांबवा.

बाटलीत एकटा खेकडाच जातो असं नाही. शंखावर कधी कधी बारीक लव दिसते. घाण समजून मुलं ती ब्रशने खरवडतात. ती पॉलिपांची, म्हणजे नळीसारख्या इवल्या प्राण्यांची, जिवंत वसाहत असू शकते. क्रमिक पुस्तकातला हायड्रॅक्टिनिया आठवा. उत्तर अटलांटिकमध्ये तो अशाच शंखांवर वाढतो. त्यातले काही पॉलिप फक्त खातात, काहींकडे फक्त प्रजनन, तर शंखाच्या तोंडाशी असलेले काही संरक्षणाला. सगळे बारीक नळ्यांच्या जाळ्याने जोडलेले, त्यामुळे एकाने गिळलेलं बाकीच्यांच्याही पोटी लागतं. एकाच शंखावर दोन वसाहती भिडल्या, तर जवळच्या नात्यातल्या एकजीव होतात. परक्या असल्या तर दंशपेशींनी एकमेकींवर तुटून पडतात. ना मेंदू, ना डोळे, तरी आपलं-परकं कळतं! हे शिकवताना मला दरवेळी नवल वाटायचं.

आपल्या समुद्रांतही अशी सोबत आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी 1892 मध्ये मायनस इनर्मिस या माशाच्या अंगावर वाढणाऱ्या पॉलिपांचं वर्णन केलं. तिथे तर जिवंत माशाची कातडीच त्यांचं घर.

पॉलिप आधी गुंगवले नाहीत आणि थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकले, तर ते आक्रसतात. मग कपाटातल्या बाटलीत मुलांना दिसणार काय?

त्यापेक्षा काळ्या ट्रेमध्ये तिथलंच समुद्राचं पाणी घ्या, शंख सावलीत ठेवा आणि हात लावू नका. पॉलिप असतील तर हळूहळू उलगडतील. हँडलेन्सने पाहू द्या, चित्र काढू द्या, मग ज्या डबक्यातून उचलला तिथेच शंख सोडा. पुण्यात परतल्यावर प्रयोगशाळेत जिवंत पॉलिप दाखवायला गोड्या पाण्यातला हायड्रा आहेच; आपल्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर संशोधन झालेलं आहे. आणि जर्नलचे गुण आणलेल्या नमुन्यांना न देता किनाऱ्यावर बसून काढलेल्या चित्रांना द्या.

— एक निवृत्त प्राध्यापिका, एरंडवणे, पुणे