समोरच्या संघाच्या कॅप्टनचे आभार

सर,

परवाच्या पोलो सामन्यात तुम्ही जिंकलात, आम्ही हरलो. हरल्यावर समोरच्या कॅप्टनला असं पत्र कुणी लिहीत नाही. पण मला राहवत नाहीये, आणि हे चारचौघांसमोर सांगायचंय.

या सामन्याच्या बऱ्याच आधी घोड्यावरून पडून माझा खांदा निखळला, तो नेमका उजवा. पोलोत मॅलेट, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, उजव्याच हातात धरायची असा नियम आहे, डावखुऱ्यालाही त्यातून सुटका नाही. ज्यांच्यासाठी मोसमामागून मोसम खेळलो, त्या संघमालकांनी एका निरोपात मला मोकळं केलं. माझे स्वतःचे घोडे नाहीत, त्यांच्याच पागेवर माझी रोजीरोटी होती. दुसऱ्या एकांनी फोन केला तो एवढंच विचारायला, की तुझा हँडिकॅप कधी उतरणार? पोलोबाहेरच्यांसाठी सांगतो. प्रत्येक खेळाडूला उणे 2 पासून 10 पर्यंत हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा असतो, जितका मोठा तितका खेळाडू चांगला, आणि संघातल्या चौघांची बेरीज स्पर्धेच्या मर्यादेत बसवावी लागते. कागदावर 3 आणि मैदानात 1 असलेला माणूस कुणालाच परवडत नाही. हिशेब बरोबर आहे. पण त्याआधी ‘खांदा दुखतोय का?’ एवढं विचारायला काय जात होतं?

पुढे बरेच दिवस लाकडी घोड्यावर बसून जाळीत चेंडू मारत राहिलो. हात परत आला, घोडा मात्र कुणी देईना. सामना चक्करांमध्ये, म्हणजे छोट्या डावांमध्ये खेळतात. साधारण 7 मिनिटांच्या एका चक्करमध्ये घोडा इतका पळतो, वळतो, जागच्या जागी थांबतो की पुढच्या चक्करला त्याला विश्रांती द्यावीच लागते. म्हणून एकेका खेळाडूला चार-पाच घोडे हवेत. अर्जेंटिनाचा नामवंत पोलोपटू अडोल्फो कांबियासो 2016 साली अर्जेंटिनाची खुली स्पर्धा जिंकला तेव्हा क्वार्तेतेरा या एकाच घोडीचे 6 क्लोन त्याच्या दिमतीला होते. मी एकेका घोड्यासाठी पागांचे उंबरठे झिजवत होतो.

परवा ऐनवेळी संघात जागा मिळाली, घोडे मोजकेच होते आणि त्यातला एक मधेच लंगडायला लागला. पुढच्या चक्करला मला घोडाच नव्हता. आमच्याकडचे एकमेकांची तोंडं बघत असताना तुम्ही तुमच्या बाजूने घोडी घेऊन चालत आलात. शेवटच्या चक्करसाठी राखून ठेवलेली, तुमची सगळ्यांत चांगली घोडी.

पण घोडीपेक्षाही मोठं काम तुम्ही त्यानंतर केलंत. चढताना उजव्या हातावर भार घ्यायला मी अजून बिचकतो. हे मी कुणाला बोललो नव्हतो. तुम्ही ते कधी पाहिलंत, माहीत नाही. न बोलता पलीकडच्या बाजूला गेलात आणि उजवी रिकीब दोन्ही हातांनी खाली दाबून धरलीत, खोगीर सरकू नये म्हणून. मी अलगद वर बसलो. मग तंग एक भोक वर घेतलात आणि म्हणालात, “तोंडाची हलकी आहे, लगाम ओढू नकोस. डावीकडे आपणहून वळते.”

रिकीब धरणं हे मोतद्दाराचं काम, आणि घोडीची खोड समोरच्या संघाला सांगणं हे तर कुणाचंच नाही. तुमचे हातमोजे घामाने भिजले होते, पुढची चक्कर तोंडावर होती, तुम्हालाही तयार व्हायचं होतं. कितीतरी मोठे खेळाडू मी जवळून पाहिलेत. चेंडू त्यांच्या हुकमात असतो, पण शेजारच्या माणसाकडे त्यांचं लक्ष नसतं. तुमचं होतं.

आणि चक्कर सुरू झाल्यावर पहिल्याच राइड-ऑफला, म्हणजे घोड्याला घोडा भिडवून रेटताना, तुम्ही मला पूर्ण ताकदीने चेंडूच्या रेषेबाहेर ढकललंत. जराही सूट दिली नाहीत. सर, त्याचेही मनापासून आभार. पडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला खेळाडू म्हणून टक्कर दिली.

तुमच्या मोतद्दारकाकांनाही माझा नमस्कार सांगा. सामन्यानंतर त्यांनी घोडीचे चारही पाय हात फिरवून तपासले आणि मी न विचारताच ‘बरी आहे’ म्हणाले. पुढच्या आठवड्यात गाजरं घेऊन तिला भेटायला येतोय.

तुमचा,
परवाचा समोरचा तीन नंबर