जोनाथन गोल्ड यांस, एका रस्त्याबद्दल आभार

आदरणीय जोनाथन गोल्ड,

लॉस एंजेलिसमध्ये कुठे जेवावं असं कुणी विचारलं की आम्ही हॉटेलाचं नाव सांगत नाही, रस्त्याचं सांगतो. ही सवय तुम्ही लावलीत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, कायद्याच्या एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत असताना, तुम्ही पिको बुलेवार्डवरच्या प्रत्येक हॉटेलात एकदा तरी जेवायचं ठरवलंत. डाउनटाउनपासून सांता मोनिकाच्या समुद्रापर्यंत सुमारे १५ मैल. १९८६ साली सुरू झालेलं तुमचं हॉटेलांवरचं सदर आणि खाद्यसमीक्षकाला पहिल्यांदाच मिळालेलं २००७ सालचं पुलित्झर पारितोषिक या दोन्हींचं मूळ आम्हाला त्याच रस्त्यावर दिसतं. तुम्ही २०१८ साली गेलात. आभार उशिरा मानतो आहोत, पण मनापासून.

‘सर्वोत्तम दहा’ची यादी घेऊन निघालेला माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडी हाकतो आणि मधलं सगळं त्याच्या नजरेतून सुटतं. एकच रस्ता धरला की शेजार दिसतो. १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने देशवार कोटे काढून टाकले आणि आशियातून माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली. १९८० ते १९९२ च्या यादवीत एल साल्वादोरहून कुटुंबंच्या कुटुंबं आली. हा इतिहास पाट्यांवर वाचता येतो. थाई टाउनला शहराने १९९९ साली, तर फेअरफॅक्स रस्त्यावरच्या लिटल इथिओपियाला २००२ साली अधिकृत नाव दिलं. तुम्ही तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून जेवत होतात.

तुमच्यामुळे नवख्याला पहिली गोष्ट सांगता येते: झगमगीत दर्शनी भाग शोधू नका, गाळे शोधा. पुढे गाड्या लावायची जागा, मागे ओळीने सात-आठ गाळे, त्यात लाँड्री, डोनटचं दुकान, नखांचं पार्लर आणि मधोमध एक हॉटेल. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईनंतर बंद पडलेल्या पेट्रोल पंपांच्या कोपऱ्यांवर असे बरेच गाळे उभे राहिले. भाडं बेताचं असल्यामुळे एकाच गावाचं, एकाच पद्धतीचं जेवण बनवणाऱ्याला तिथे टिकता येतं. खिडकीत लावलेलं ए, बी किंवा सी हे कार्ड १९९८ पासून काउंटी, म्हणजे जिल्हा प्रशासन, देते. ए म्हणजे ९० किंवा त्याहून जास्त गुण, तेही स्वच्छतेचे. चवीशी त्याचा संबंध नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

मग पाटी. देशाच्या नावापेक्षा प्रांताचं किंवा शहराचं नाव जास्त कामाचं. नुसतं ‘चायनीज’ लिहिलेल्या ठिकाणी दोनशे पदार्थ असतात आणि बहुतेक एकाच सॉसमध्ये. ‘छंगदू’ हे सिचुआन प्रांतातल्या शहराचं नाव लिहिलेल्या ठिकाणी स्वयंपाक कुठला ते ठरलेलं असतं. तिथल्या मिरीचीही एक गोष्ट आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाच्या भीतीने सिचुआन मिरीच्या आयातीवर अमेरिकेत १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी होती. ती उठल्यावर सॅन गॅब्रिएल खोऱ्यात, व्हॅली बुलेवार्डच्या आजूबाजूला, जीभ बधिर करणारा तो स्वयंपाक पुन्हा ताठ उभा राहिला. कोकणी वाचकाला हे पटकन कळतं, कारण ही मिरी आपल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या आमटीतली ती झिणझिणी आठवा. सिचुआन मिरीने ओठांना जाणवणारी थरथर सेकंदाला पन्नासच्या आसपास मोजली गेली आहे.

सिचुआन हॉटेलात मागवताना हमखास चूक होते. चार माणसं लाल तेलातले चार पदार्थ मागवतात, दुसऱ्याच पदार्थाला जीभ बधिर होते आणि पुढचं सगळं एकाच चवीचं लागतं. चौघांना एक थंड पदार्थ, एक कोरडा परतलेला, एक पालेभाजी आणि शेवटी लाल तेलातला मासा, असं सांगावं. भाजी तिखट नको. माशाच्या भांड्यातलं तेल पिण्यासाठी नसतं. त्यातून तुकडे उचलून भातावर घ्यायचे. हे माहीत नसलेले लोक ते सूप म्हणून चमच्याने घेतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

सनसेट बुलेवार्डवरच्या जितलाडा या थाई हॉटेलात दक्षिण थायलंडचे पदार्थ आधी फक्त थाई लिपीत होते. एका खवय्याने त्यांचं भाषांतर केलं आणि तुम्ही त्या पदार्थांवर लिहिलंत. तिथला ख्वा क्लिंग म्हणजे वाटण घालून कोरडं परतलेलं मांस. ‘जरा कमी तिखट करा’ म्हणून उपयोग नाही, कारण मिरची आधीच वाटणात गेलेली असते. वाटण कमी केलं तर हळद, गवती चहा सगळंच कमी होतं. तिखट झेपत नसेल तर ऐन वेळी मिरची पडणारा परतलेला पदार्थ मागवावा. ख्वा क्लिंग मागवलाच तर भात आणि कच्ची काकडी जवळ ठेवून घासाघासाने खावा. पाणी पिऊन तिखट उतरत नाही.

एल साल्वादोरच्या पुपुसाचं तंत्र सोपं. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची जाड भाकरी, आत चीज, बीन्स किंवा लोरोको वेलीच्या कळ्या. माणशी दोन पुरतात. ऑर्डर दिल्यावर थापतात, म्हणून वेळ लागतो, आणि लागायलाच हवा. वर आंबट कोबी घालून हाताने तोडून गरम खायची. डब्यात बांधून नेलेली पुपुसा वाफेने चिवट होते आणि चीज थिजतं. मेनुदो (गाईच्या जठराचं मेक्सिकन सूप) आणि बार्बाकोआ (मंद शिजवलेलं मांस) बऱ्याच ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी मिळतात, कारण ते तासन्‌तास शिजावे लागतात. दुपारी दोनला गेलात तर भांडं रिकामं असतं.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या लिहिण्याच्या शिस्तीचे. चार-पाच वेळा जेवल्याशिवाय तुम्ही लिहीत नव्हतात. एका भेटीवर लिहिलेला मजकूर त्या दिवशीच्या आचाऱ्याबद्दल असतो, हॉटेलाबद्दल नसतो. पहिल्या भेटीत शेजारच्या टेबलांवर काय आहे ते पाहावं आणि तेच मागवावं. दुसऱ्या भेटीत वार आणि वेळ बदलावी. तिसऱ्या भेटीत पहिल्यांदा न आवडलेला पदार्थ पुन्हा खावा. पदार्थाचं नाव मालकाकडून त्यांच्या लिपीत लिहून घ्यावं, उच्चार विचारावा. नोंद तासाभरात करावी: आधी पोत, मग वास, मग चव, कारण पोत सगळ्यात आधी विसरला जातो. ‘अस्सल’ हा शब्द टाळावा. त्याऐवजी आचारी कुठल्या गावचा आणि इथे त्याला कोणतं साहित्य मिळत नाही ते विचारावं. त्या उत्तरात अर्धा लेख असतो.

आणि तुम्ही वाचकाला थेट ‘तुम्ही’ म्हणत होतात. कोरियाटाउनच्या वाफाळत्या भांड्यासमोर वाचकच बसलेला असायचा, समीक्षक नाही. त्यामुळे अनोळखी लिपीच्या पाटीखालचं दार ढकलायला कितीतरी माणसांना धीर आला, आणि त्या दारामागे भांडी घासण्यापासून गल्ल्यापर्यंत सगळं स्वतः सांभाळणाऱ्या कुटुंबांना गिऱ्हाईक मिळालं. त्यांच्या वतीनेही हे आभार स्वीकारावेत.

तुमचे,
पिकोच्या पूर्व टोकापासून सुरुवात करणारे काही मराठी वाचक